दत्तक लेकराला घेऊन अमेरिकेत परतताना

दत्तक संस्थेतून निघताना तिथल्या सांभाळणाऱ्या मावशींनी लेकीला नवा फ्रॉक घातला, पावडर लावली आणि म्हणाल्या, "चल, आईबाबांबरोबर भूर जायचं ना?" ती टाळ्या वाजवत गाडीत बसली. आम्हाला वाटलं, किती सोपं झालं! दुसऱ्या दिवशी दुपारी वरणभात खाऊन झाल्यावर तिने आपल्या आपण चपला घातल्या, उलट्यासुलट्या, आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. भूर संपलं होतं. आता तिला परत जायचं होतं. पावणेतीन वर्षांच्या मुलीला भूर म्हणजे काय ते नीट कळतं: फिरून यायचं. पुढचे दोन तास ती रडली, त्यात तिची काहीच चूक नव्हती.

म्हणून सगळ्या कागदांच्या आधी हे सांगते: मुलाशी 'भूर' हा शब्द वापरू नका, संस्थेतल्या लोकांनाही आधीच विनंती करा. "आता तू आमच्या घरी राहायला येणार, विमानाने जायचं, घर लांब आहे" असं रोज, त्याच शब्दांत सांगा. अमेरिकेतून येणाऱ्या बहुतेक पालकांना मुलाची भाषा येत नसते. आपल्याला येते. या अख्ख्या प्रवासात आपल्याजवळचं ते सगळ्यात मोठं सामान आहे, आणि त्याला वजनाची मर्यादा नाही.

हा लेख कोणासाठी ते स्पष्ट करते. जोडीदारांपैकी निदान एक जण अमेरिकेचा नागरिक आहे, मूल महाराष्ट्रातल्या विशेष दत्तक संस्थेतून 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक यंत्रणेमार्फत मिळालं आहे आणि सगळं हेग करारानुसार, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक देण्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, चाललं आहे, अशा घरांसाठी. एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा किंवा नुसतं ग्रीन कार्ड असेल तर इथली व्हिसाची वाट तुम्हाला लागू नाही, कारण दत्तक मुलाला आणण्यासाठीचा आय-800 हा अर्ज फक्त अमेरिकी नागरिकालाच करता येतो. तुम्ही मूल स्वीकारण्याच्याही आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा, नंतर नव्हे.

तिकिटाच्या आधी

क्रम चुकला तर मूल भारतात आणि तुम्ही तिकडे अशी अवस्था होते, म्हणून तो पाठ करून ठेवा. आधी आय-800-ए, म्हणजे तुम्ही पालक म्हणून योग्य आहात याची मंजुरी. मग काराकडून मुलाची माहिती, तुमचा होकार. मग त्या विशिष्ट मुलासाठी आय-800 ची तात्पुरती मंजुरी, डीएस-260 हा व्हिसा अर्ज आणि दिल्लीच्या अमेरिकी वकिलातीचं हेग कराराच्या कलम 5 चं पत्र. त्यानंतर काराचं ना हरकत प्रमाणपत्र, त्यानंतर दत्तक आदेश. कलम 5 चं पत्र हातात येण्याआधी आदेश घेऊ नका. "होऊन जाऊ दे, पत्र मागून येईल" असं म्हणणारा कोणीतरी भेटतोच. त्याचं ऐकू नका.

आदेश आता न्यायालय देत नाही. बाल न्याय कायद्यातली 2021 ची दुरुस्ती 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली, तेव्हापासून तो जिल्हाधिकारी देतात. त्याआधी दत्तक घेतलेले नातेवाईक तुम्हाला कोर्टाच्या तारखांच्या गोष्टी सांगतील. त्या खऱ्या आहेत, पण जुन्या. आदेशानंतर दोन महिन्यांच्या आत मुलाला न्यायला भारतात यावं लागतं. आदेशावरून मुलाचा जन्मदाखला तुमच्या नावांनिशी निघतो, दाखल्यावरून पासपोर्ट. शिवाय कारा हेग कराराच्या कलम 23 चं कन्फर्मिटी सर्टिफिकेट देते. दत्तकविधान कराराप्रमाणे झालं असं सांगणारा हा कागद व्हिसालाही लागतो आणि पुढे आयुष्यभर लागेल.

नियमात या प्रत्येक गोष्टीला थोडक्या दिवसांची मुदत आहे. प्रत्यक्षात दिवाळी येते, निवडणूक येते, सही करणारे साहेब रजेवर जातात. आमचं मत असं की पासपोर्टचा अर्ज दाखल झाल्याचं संस्थेकडून कळल्यावर निघावं. येतानाचं तिकीट तारीख बदलता येईल असं घ्यावं, थोडं महाग पडलं तरी. मुलाचं तिकीट मात्र व्हिसा हातात येईपर्यंत काढू नये.

नावांचा घोळ

यावर वेगळा भाग लिहावा लागतोय यातच सगळं आलं. आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. अमेरिकी पासपोर्टवर तुमचं मधलं नाव कधी असतं, कधी नसतं, कधी पहिल्या नावाला चिकटलेलं असतं. आईचं नाव लग्नाआधीचं एका कागदावर, नंतरचं दुसऱ्यावर. श्रीकांतच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच आहे की नाही, हा प्रश्न दिल्लीत खिडकीपाशी सुटत नाही.

म्हणून एका कोऱ्या कागदावर आईचं, वडिलांचं आणि मुलाचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत, अमेरिकी पासपोर्टवर आहे तसंच लिहा. तो कागद संस्थेला, जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि तुमच्या अमेरिकी दत्तक एजन्सीला द्या. आदेशाचा मसुदा बघायला मिळाला तर अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचा. जन्मदाखला हातात आला की खिडकी सोडण्याआधी तिथेच उभं राहून वाचा. आमच्या दाखल्यावर जन्माचा महिना चुकला होता. तो दुरुस्त करायला आठ दिवस गेले, आणि सुदैव इतकंच की पासपोर्ट अजून व्हायचा होता.

मुलाचं मूळ नाव ठेवायचं की बदलायचं हा तुमचा प्रश्न आहे. पण त्या पावणेतीन वर्षांत ती एकाच हाकेला वळून बघत आली आहे. आम्ही ती हाक ठेवली.

संस्थेतले दिवस

इथे घाई करू नका. आदेश, पासपोर्ट सगळं तयार असलं तरी निदान चार-पाच दिवस रोज संस्थेत जा. पहिल्या दिवशी तासभर बसा, दुसऱ्या दिवशी भरवा, तिसऱ्या दिवशी आंघोळ घाला, तीही मावशींच्या शेजारी बसून. मावशी जशी घालते तशीच: पाणी किती कढत, आधी डोकं की आधी पाय, डोळ्यांवर हात कसा धरते. हे कुठल्याही फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

वही-पेन घेऊन विचारण्यासारखे प्रश्न खूप आहेत. भात किती मऊ, वरणात गूळ असतो का, दूध वाटीने की बाटलीने, पावडरचं असेल तर कोणतं आणि किती चमचे. झोपताना पाठ थोपटतात की पाळणा हलवतात, दिवा चालू असतो की बंद. संस्थेत एका खोलीत दहा-बारा मुलं झोपतात, तिथे पूर्ण अंधार आणि पूर्ण शांतता कधीच नसते. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरातली शांतता तिला भयंकर वाटली होती. शेवटी रात्रभर पंखा लावून ठेवला.

आणि शब्द. आमच्या वहीचं ते पान अजून फ्रिजवर आहे: पाण्याला 'मम', भाताला 'भाभू', झोपेला 'गाई', शूला 'शू' पण शीला 'छी'. 'भाभू' हा त्या संस्थेतल्याच मुलांचा शब्द असावा, दुसरीकडे कुठे ऐकला नाही. विमानात पस्तीस हजार फुटांवर मूल 'मम' म्हणून रडत असताना तुम्ही भरवायला घेतलंत तर काय होईल, विचार करा. बहुतेक घरांत मम म्हणजे खाणं. आमच्या लेकीचं पाणी होतं.

तिथून निघताना एक वस्तू मागून घ्या: ती पांघरत असलेली गोधडी, दुपटं, काहीही. त्याबदल्यात संस्थेला नव्या दहा द्या. आणि धुऊ नका. वास कसाही येत असो, तिच्यासाठी तोच घराचा वास आहे.

निरोप चोरून घेऊ नये. "झोपलीय तोवर उचलून न्या" असा सल्ला प्रेमापोटी दिला जातो. आम्ही नाही म्हटलं. मावशींनी तिला कडेवर घेऊन आमच्या हातात दिलं, रडल्या, तीही रडली. मावशी तिला शिकवत होत्या, "जाते म्हणू नये, येते म्हणावं." भाषेतली रीत म्हणून ठीक आहे, पण या मुलांच्या बाबतीत जरा जपून. आम्ही मावशींचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून घेतला: तिचं नाव घेऊन "आईजवळ राहा, जेव, झोप" इतकंच. पहिल्या आठवड्यात तो सतरा वेळा वाजवला असेल.

कागदांपैकी संस्थेतून लसीकरणाचं कार्ड, वजन-उंचीच्या नोंदी, सगळे जुने रिपोर्ट आणि मूल संस्थेत आल्यापासूनचे फोटो, असतील तेवढे घ्या. फोटोंसाठी हट्ट धरा. पंधरा वर्षांनी तेच मागितले जाणार आहेत.

दिल्ली

भारतातली दत्तक मुलांची व्हिसा प्रकरणं दिल्लीच्या अमेरिकी वकिलातीत होतात, मुंबईत अमेरिकेचा वाणिज्य दूतावास असला तरी. पुणे-दिल्ली हे दोन तासांचं उड्डाण म्हणून रंगीत तालीम समजा. खिडकी आवडते का, कान दुखतात का, पट्टा बांधू देते का, सगळं कळतं. चढताना-उतरताना काहीतरी चोखायला-गिळायला द्या: बाटली, पाणी, मनुका.

राहायला हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली जागा बघा. मऊ भात, मुगाचं वरण, तूप रोज तेच. दिल्लीत छोले-भटुऱ्यांचा मोह तुम्ही करा, तिला नको. दीड-दोन आठवडे तरी हाताशी ठेवा. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने विमानं रखडतात, त्याचे दोन दिवस जास्त धरा.

पहिलं काम मेडिकल. ते वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडेच होतं, तुमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाचं पत्र चालत नाही. मूल दोन वर्षांपेक्षा मोठं असेल तर क्षयासाठी रक्ताची तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे, आणि त्यातही शंका आली तर पुढच्या तपासण्यांत आठवडे जाऊ शकतात. म्हणून दिल्लीला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी मेडिकल उरका. लसींबद्दल एक सवलत आहे: हेगखाली येणाऱ्या दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, अमेरिकेत पोचल्यावर तीस दिवसांत लसी देऊ असं पालकांनी लिहून दिलं की सगळ्या लसी इथेच टोचून घ्याव्या लागत नाहीत. रक्त काढून दमलेल्या मुलाला त्याच दिवशी चार सुया नकोत, सवलत घ्या.

वकिलातीत फोन आणि मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत. म्हणजे "पीडीएफ फोनमध्ये आहे" याचा उपयोग शून्य. साधी प्लास्टिकची फाइल करा. आदेश, जन्मदाखला, पासपोर्ट, कन्फर्मिटी सर्टिफिकेट, ना हरकत, कलम 5 चं पत्र, डीएस-260 ची पावती आणि फोटो त्यात ठेवा, मूळ वेगळे आणि झेरॉक्स वेगळ्या. मुलाखत मुलाची नसते, तुमचीच, आणि थोडक्यात आटोपते. मूल मात्र बरोबर लागतं.

आमच्या घरात एक नियम केला होता, तो या दिवसांत कामाला आला: फाइल नवऱ्याकडे, लेक माझ्याकडे. अदलाबदल नाही. दोघांनी दोन्ही सांभाळायचं म्हटलं की आदेश टॅक्सीत राहतो आणि मूल अनोळखी माणसाच्या कडेवर जातं.

व्हिसा आला की तिथल्या तिथे तीन गोष्टी बघा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि प्रकार. भारतात दत्तक पूर्ण झालेलं असेल तर आयएच-3 हवं. काहींना अमेरिकेच्या इमिग्रेशनला द्यायचा बंद लिफाफा मिळतो. तो फोडायचा नाही, सामानात टाकायचा नाही, हातातल्या पिशवीत ठेवायचा. आता बऱ्याच जणांचे कागद इलेक्ट्रॉनिक जातात आणि व्हिसावर तसं छापलेलं असतं. तेव्हा लिफाफा मिळाला नाही म्हणून घाबरू नका.

विमानात

थेट विमान घ्या. पैसे वाचवायला तीन टप्प्यांचा प्रवास करणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण ही ती वेळ नव्हे. मधे थांबायचंच असेल तर मुलाचा पासपोर्ट भारतीय आहे हे विसरू नका: तुम्हाला ज्या देशात ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, तिथे तिला लागू शकतो. तिकीट काढण्याआधी एअरलाइनला विचारा.

दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर नेता येतं, तिकीटही स्वस्त. तरी पंधरा-सोळा तास मांडीवर, ओळख जेमतेम दोन आठवड्यांची, हे दोघांनाही जड जातं. जमलं तर जागा घ्या. दहा ते वीस किलोच्या मुलांसाठी विमानाच्या सीटला अडकवायचा केअर्स नावाचा पट्टा मिळतो. कार सीट ओढत न्यायची नसेल तर तो चांगला. पण न्यूयॉर्क, नेवार्क, जिथे उतराल तिथून घरी जायला कार सीट लागतेच, कायद्यानेच. घ्यायला येणाऱ्या मित्राला आधीच बसवून ठेवायला सांगा.

दिल्लीच्या इमिग्रेशनला भारतीय पासपोर्टवरचं मूल परदेशी पासपोर्टवाल्या आईबापांबरोबर दिसलं की आदेश मागतात. मागण्याआधीच पुढे करा.

पिशवीत दोन फ्रॉक मुलीसाठी आणि एक शर्ट स्वतःसाठी, कारण ओकारी दोघांवर होते. राजगिऱ्याचे लाडू, कुरमुरे, केळं. उरलेलं केळं उतरण्याआधी विमानातच संपवा, अमेरिकेत फळ नेता येत नाही. कच्चे तांदूळ, हरभरे बॅगेत टाकायला सासूबाई सांगतील, तेही नेता येत नाहीत. गुंगीचं औषध द्यावं का असं सगळे विचारतात. डॉक्टरला विचारल्याशिवाय काही देऊ नका; सर्दीच्या औषधाने काही मुलं झोपण्याऐवजी चवताळतात. आमची लेक पहिले पाच तास रडली, मग गोधडी तोंडावर घेऊन नऊ तास झोपली. शेजारच्या काकांनी एक शब्द काढला नाही. देव त्यांचं भलं करो.

उतरल्यावर

पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं. पुढे दुसरं विमान असेल तर निदान चार तास ठेवा. कुटुंबाला एकत्र रांगेत उभं राहू देतात, पण तुमचा शिक्का झाला तरी मुलासाठी आतल्या खोलीत पाठवतात. ही नेहमीची पद्धत आहे, काही चुकलं म्हणून नाही. तिथे फोन वापरू देत नाहीत, टीव्ही नाही, खाऊ नाही. रंगीत खडू आणि कागद हाताशी ठेवा. आम्हाला तिथे पन्नास मिनिटं लागली.

पासपोर्टवर शिक्का पडला की 2000 सालच्या बाल नागरिकत्व कायद्यानुसार, अठरा वर्षांखालचं आणि नागरिक पालकाच्या ताब्यातलं मूल त्या क्षणी अमेरिकेचं नागरिक होतं. तिथे शपथ नसते आणि टाळ्याही कोणी वाजवत नाही. आमची त्या वेळी माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपली होती. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आयएच-3 वाल्यांना टपालाने आपोआप येतं, वेगळी फी नाही. दरम्यान घर बदललं तर पत्ता कळवा, नाहीतर ते जुन्या घरमालकाकडे जाईल.

विमानतळावर कोणाला बोलावू नका. ढोल, फुगे, महाराष्ट्र मंडळाचे दहा जण, काहीच नको. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असेल तर एकाच माणसाने, हलक्या हाताने. औक्षणाचं निरांजन तोंडाजवळ नेऊ नका, आमची दचकली. काजळ-तीट अजिबात नको. काजळात शिसं निघाल्याची उदाहरणं आहेत आणि तिच्या रक्तातलं शिसं पुढच्याच आठवड्यात तपासलं जाणार आहे.

पहिले काही आठवडे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा फरक आहे, म्हणजे रात्री तीनला घर जागं असणार. दिवे मंद ठेवा, उपमा करा, खाऊ घाला. टीव्ही लावू नका. साधारण आठवड्याभरात बसतं.

भरवणं, आंघोळ, झोपवणं हे फक्त आईबाबांनीच, निदान पहिले काही आठवडे. आजीला हे सांगणं या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीपेक्षा अवघड. संस्थेतल्या मुलाला जो येईल त्याच्याकडे जायची सवय असते, ते "किती माणसाळलेलं मूल!" म्हणून कौतुकाने बघू नका. आजीने स्वयंपाक करावा, घास आईने भरवावा.

दोन आठवड्यांच्या आत बालरोगतज्ज्ञाकडे जा. शिसं, जंत, रक्तक्षय, कावीळ ब, लसी हे सगळं नव्याने बघतात. क्षयाची तपासणी दिल्लीत निगेटिव्ह असली तरी तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा करतात. घरात राहणाऱ्या मोठ्या माणसांनी कावीळ अ ची लस मूल येण्याआधीच घेतलेली बरी. खरूज, उवा निघाल्या तर लाजू नका. औषध आहे, आठवड्यात जातात.

आणि विमा! कंपनीच्या विम्यात मुलाचं नाव घालायला साधारण तीस दिवस मिळतात, पण ते अमेरिकेत उतरल्यापासून नव्हे, दत्तक झाल्यापासून मोजतात. दिल्लीत महिना गेला तर मुदत तिथेच संपते. आदेश आला त्याच संध्याकाळी कंपनीला ईमेल करा.

सोशल सिक्युरिटी नंबर आणि अमेरिकी पासपोर्ट सावकाश होऊ द्या. पासपोर्टच्या अर्जाला सोळा वर्षांखालच्या मुलासाठी दोन्ही पालक लागतात. मग भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारतात येण्याजाण्यासाठी मिळणारं कार्ड. तोवर गावी जायचे बेत आखू नका.

शेवटचं काम दोन वर्षं चालतं. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी तुमची एजन्सी मुलाच्या प्रगतीचा अहवाल पाठवते, म्हणजे एकूण सहा. समाजसेविका घरी येते, वजन-उंची लिहून नेते. अहवाल कारासाठी असतो. त्याच दिवशी एक फोटो संस्थेलाही पाठवा, छापून, टपालाने. मावशींकडे ईमेल नसतो. फोटोत डोक्यावर टोपी नको. संस्थेत केस बारीक कापलेले असतात, आणि मावशींना आधी तेच बघायचं असतं, किती वाढलेत ते.